जपान लागलं

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या समोरच्या गच्चीवर एक भाडेकरू रोज संध्याकाळी ज्यावरून बोलताही येतं असा रेडिओ घेऊन बसायचा. दोन बांबूंना बांधलेली त्याची तार मी आधी कपडे वाळत घालायची समजलो होतो. अशा हौशी लोकांना सरकारी परवाना मिळतो म्हणे, त्यांचे क्लबही असतात. एक कान दाबून तो परदेशातल्या अनोळखी लोकांना हाका मारत राहायचा, आणि उत्तर आलं की उगाच उभा राहायचा.

एकदा तो गच्चीवरूनच ओरडला, “भाऊ, जपान लागलं!”

“काय म्हंते जपान?”

“म्हंते, तुमचा आवाज साफ येऊन राह्यला. मीबी त्याले तेच सांगतलं.”

“मंग?”

“मंग काय? झालं!”

एवढ्यासाठी इतकी खटपट काहून, हे माझ्या डोक्यात काही शिरेना. तो खोली सोडून गेला, तरी शिरलं नाही.

परवा तेल्हाऱ्याला राहणाऱ्या माझ्या भावाला फोन लावला. आईच्या तेरवीपासून आमचं बोलणं बंद होतं. त्याने उचलला.

“आवाज येऊन राह्यला का?” मी विचारलं.

“साफ येऊन राह्यला,” तो म्हणाला. “माहा?”