बटाट्याच्या शेतातली अंगठी

पृथ्वी काहीही विसरत नाही. माणसाच्या हातून जे जे निसटलं ते ती पोटात घेते आणि योग्य हात येईपर्यंत जपून ठेवते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर अशा अर्थाचं काहीतरी होतं आणि ते वाचून मी भारावलो होतो. चार वर्षांच्या अनुभवानंतर सांगतो, पृथ्वी मुख्यतः बिअरच्या बाटल्यांची झाकणं जपून ठेवते.

यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. एक दांडा, त्याच्या टोकाला ताटाएवढी चकती आणि कानांवर हेडफोन. मी ते एका गृहस्थांकडून जुनं विकत घेतलं. त्यांच्या बायकोने तळघर रिकामं करायचं ठरवलं होतं. जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रिकामं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सासूबाई घरात पडल्या म्हणून बायको दोन महिन्यांसाठी पुण्याला गेली होती आणि त्या दोन महिन्यांना तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. मुलगी शिकायला स्टुटगार्टला. आठवडाभर ऑफिस असतं, त्यामुळे आपण एकटे आहोत हे फारसं जाणवत नाही. रविवारी जाणवतं. इथे रविवारी दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायला बंदी, आणि शेजारी जिन्यात भेटले तर 'ग्र्यूस गॉट' असा इथला नमस्कार करून नजर बुटांकडे वळवतात. एका रविवारी संध्याकाळी लक्षात आलं की शुक्रवारपासून मी मोठ्याने एकच शब्द उच्चारला होता. तो 'अरे' होता आणि उतू जाणाऱ्या दुधाला उद्देशून होता.

यंत्र निदान आवाज करतं.

या छंदाचे इथले नियम थोडक्यात असे. आधी सरकारी नकाशा बघायचा. जमिनीखाली काही जुनं आहे असं सरकारला जिथे ठाऊक आहे तिथे यंत्र न्यायला मनाई. म्हणजे जिथे काही सापडण्याची शक्यता आहे ती जागा सोडायची आणि उरलेल्या जागेच्या मालकाची परवानगी मागायची. मी सात शेतकऱ्यांना विचारलं. सहा जणांनी नाही म्हटलं, त्यातल्या एकाने नुसत्या कुत्र्याकरवी.

पहिल्या वर्षातली माझी मोठी कमाई म्हणजे एक बटण. पितळी, त्यावर झिजलेला सिंह. ते मी गावातल्या इतिहासप्रेमी मंडळाच्या बैठकीला घेऊन गेलो. अध्यक्षांनी ते मखमलीवर ठेवलं, चष्मा बदलला आणि एका परक्या सैन्याच्या माघारीबद्दल वीस मिनिटं बोलले. बर्फ, उपासमार, अनाम शिपाई. दोघातिघांनी माना खाली घातल्या. मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बाई वाकून म्हणाल्या, "हे आमच्या फायर ब्रिगेडच्या बँडच्या कोटाचं आहे. माझ्या नवऱ्याने अशी दोन हरवलीत." अध्यक्षांनी मखमल घडी करून खिशात ठेवली. बटण बाईंनी नेलं.

सातव्या शेतकऱ्याने हो म्हटलं. वय ऐंशीच्या पुढे, एकटाच राहणारा, बोली अशी की निम्मी मला कळायची आणि निम्मी मी अंदाजाने भरायचो. तोंडावर मी त्यांना रीतसर 'हेर', म्हणजे श्रीयुत, आणि आडनाव म्हणायचो, मनात आजोबा. त्यांनी एक अट घातली.

"बायकोची लग्नाची अंगठी आहे त्या शेतात. बटाटे काढताना पडली. ती गेली त्याला सहा वर्षं झाली, अंगठी त्याच्या खूप आधी गेली. ती शोधा. बाकी जे सापडेल ते घेऊन जा." काठीने त्यांनी शेताचा मधला भाग दाखवला. "इथे, या ओळींमध्ये. आणि तीन वाजता कॉफी."

त्यानंतर दर रविवारी मी त्या ओळींमधून चकती फिरवू लागलो. पीक उभं असेल तेव्हा बांधाबांधाने, काढणी झाली की आडवा-उभा. सापडलं ते असं: झाकणं, ट्रॅक्टरच्या खिळी, एक नाल, चमच्याचं डोकं, चाकं नसलेली खेळण्यातली गाडी. तीन वाजता हात धुऊन स्वयंपाकघरात जायचं. आजोबा आलुबुखाराचा केक फ्रीझरमधून काढून ठेवत, पण नेहमी उशिरा, त्यामुळे मधला भाग बर्फच असायचा. दिवाळीत मी चकल्या नेल्या. त्यांनी एक उचलून उजेडात धरली.

"हे कशासाठी वापरतात?"

"खातात."

"असं?" ते म्हणाले, ती कॉफीत बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी. तेव्हापासून मी चकल्या नेत गेलो.

अंगठी दुसऱ्या नोव्हेंबरमध्ये सापडली. वारा सोसवेना म्हणून मी थर्मासमधला चहा प्यायला शेताच्या कडेला, अंगणाच्या फाटकाजवळच्या कुंपणाआड गेलो. यंत्र बंद करायचं राहिलं होतं. ते वाजलं. आवाज चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा होता, कारण या यंत्राला सोनं आणि ॲल्युमिनियम यांतला फरक कळत नाही. मी सवयीने खणलं. वीतभर खाली पिवळी, पातळ, अजिबात न बिघडलेली अंगठी. इथे लग्नाच्या अंगठीत आतून जोडीदाराचं नाव आणि लग्नाची तारीख कोरतात. आत आजोबांचं नाव होतं.

"सापडली!" मी ओरडलो. एक कावळा उडाला.

मग घड्याळ बघितलं. पावणेतीन. ज्या कामासाठी मला बोलावलं होतं ते झालं होतं. या देशात काम झालं की लोक हातात हात घेतात, आभार मानतात आणि दार लावतात. यात कुणाला काही वाईट वाटत नाही. बटाट्याच्या ओळी सोडून अंगठी फाटकापाशी कशी आली, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. पडला तो एवढाच, की पुढच्या रविवारी मी काय करणार?

"काही मिळालं?" आजोबांनी दारातच विचारलं.

"झाकणं," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला फोन केला.

"अंगठी सापडली."

"अगं बाई! काय म्हणाले ते?"

"अजून दिली नाही."

"मग कुठेय?"

"खिशात."

"आपल्या घरात?" तिचा आवाज चढला. "अरे, सापडलेलं सोनं घरात ठेवतात का? आधी बाहेर काढ ते."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"अजिबात नाही. बाहेर काढ."

माझाही नाही. घरात अंधश्रद्धेविरुद्धची दोन फळ्या पुस्तकं आहेत, बरीचशी वाचलेली. मी तसाच चपला घालून खाली गेलो आणि सुपरमार्केटच्या ट्रॉलीसाठी गाडीत जिथे नाणं ठेवतो त्या खोबणीत अंगठी ठेवून आलो.

"ठेवली," मी फोनवर सांगितलं.

"आणि दिली का नाहीस?"

"देईन पुढच्या रविवारी."

"केकसाठी?"

"केक फार वाईट असतो."

"मग?"

मी म्हणालो, आवाज तुटतोय.

मुलीला आईकडून कळलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. तिचा एका शब्दाचा निरोप आला: उंटरश्लागुंग. म्हणजे अफरातफर. मी पुढे तीन रविवार ती अफरातफर केली. ज्या ओळींमध्ये काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं त्या ओळींमध्ये तासन् तास चकती फिरवली आणि तीन वाजता चेहरा पाडून आत गेलो.

"फक्त झाकणं?"

"फक्त झाकणं."

"गेनाऊ," म्हणजे 'बरोबर', असं आजोबा म्हणायचे आणि केकला सुरी लावायचे. निराश झालेले कधी दिसले नाहीत. त्याने मला आणखी लाज वाटायची.

तिसऱ्या रविवारी जमिनीवर पांढरा थर होता. कुदळ आपटली की दगडावर आपटल्यासारखी वाजत होती. आजोबा खिडकीतून बघत म्हणाले, "आता मार्चपर्यंत खणता येणार नाही. मार्चला कोण असेल, कोण नाही." त्यात दुःख वगैरे नव्हतं. गाय दूध कमी देते हे जसं सांगतात तसं सांगितलं.

मी उठलो, गाडीपाशी गेलो, खोबणीतून अंगठी काढली आणि आणून टेबलावर, चकल्यांच्या डब्याशेजारी ठेवली. "तीन आठवड्यांपूर्वी सापडली," मी म्हणालो. "सांगितलं नाही. माफ करा."

आजोबांनी चष्मा शोधला. अंगठी खिडकीकडे धरून आतलं नाव वाचलं, आपलंच नाव, सावकाश, एखाद्या अनोळखी माणसाचं वाचावं तसं. करंगळीत घालून पाहिली. पहिल्या पेराच्या पुढे गेली नाही.

"फाटकापाशी होती?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पडली नव्हती. तिने फेकली होती. मी न विचारता जुना ट्रेलर विकत घेतला म्हणून. तिथे, फाटकात उभी राहून." त्यांनी हाताने फेकून दाखवलं. "हँडबॉल खेळायची. गावात आम्ही बटाटे काढताना पडली म्हणून सांगितलं. संध्याकाळी दोघं कंदील घेऊन शोधत होतो, भांडण चालूच होतं."

"मग मला मधल्या ओळींमध्ये का शोधायला लावलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शिकलेला आहे याबद्दल त्यांना पहिल्यांदाच शंका आली असावी.

"तिथे सापडली नसती ना," ते म्हणाले.

मी केक खाल्ला. मध्ये बर्फ होता. अंगठी त्यांनी साखरेच्या भांड्याच्या झाकणात ठेवली. निघताना मी हात पुढे केला, रीतसर. त्यांनी तो हातात घेतला आणि सोडायच्या आत म्हणाले, "मार्चपासून खालचं शेत."

"तिथे काय हरवलंय?"

"काही नाही. तीन वाजता कॉफी."

खालचं शेत मी दीड वर्षापासून शोधतो आहे. आजवर तिथे एक बिजागरी आणि एकोणचाळीस झाकणं मिळाली. झाकणं सगळी आजोबा पितात त्याच बिअरची आहेत आणि त्यातली नऊ अजून गंजलेलीही नाहीत.