आत्याच्या कपाटाला मारलेला हात

सर्व संबंधितांना, आणि नारायण पेठेतल्या समस्त असंबंधितांना — कारण आमच्याकडे तेच जास्त लक्ष देऊन ऐकतात — कळवण्यात येते की, प्रस्तुत इसम, वय पन्नाशीच्या पुढे, प्रकृती ठणठणीत, आवाज खणखणीत, आज एक अत्यंत गंभीर निवेदन करणार आहे. उपस्थितांनी आपापले मोबाइल बंद ठेवावेत. मध्येच उठून जाऊ नये.

पाहिलंत? हे असं होतं माझं. गंभीर बोलायचं ठरवलं की माझ्यातला निवेदक उठून माइक धरतो. सोसायटीचा गणपती असो, मेहुण्याची एकसष्टी असो, माइक माझ्याच हातात. लोक म्हणतात, नंदू असला की कार्यक्रम पडत नाही. पण हे मी आजवर कुठल्याच माइकवर बोललेलो नाही. बायकोला सांगितलेलं नाही. कट्ट्यावरच्या मित्रांना नाही. आणि ज्या एका माणसाला सांगायलाच हवं, ते आत्ता पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलंय. दार मी ओढून घेतलंय — तरी पानाचा आवाज आला की हात थांबतो.

रंगाची गोष्ट आहे. म्हणजे, रंगाची नाही. पण रंगापासून सुरुवात करू द्या. तेवढा भाग मला सांगता येतो.

टाळेबंदी नुकतीच उठली होती आणि मला घरातल्या प्रत्येक वस्तूचा कंटाळा आला होता. मोबाइलवर एक बाई जुनी टेबलं रंगवून नवी करायची. आधी काळवंडलेलं, रडवेलं टेबल — मग काचपेपर, प्रायमर, रंगाचे दोन हात — आणि मग तेच टेबल जणू परदेशातून आलंय! मी शनिवार पेठेतल्या दुकानातून डबे आणले आणि ओट्याखालची कपाटं करायला घेतली. भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काचपेपर मारून मारून खांदा धरला, आणि चॉकलेटी कपाटांचा पिस्ता रंग करून टाकला. नव्या पितळी मुठी लावल्या. काय सांगू तुम्हाला! मृदुला — माझी बायको, सहसा माझ्या कुठल्याच कामावर खूश न होणारी — दोनदा म्हणाली, "अहो, छान झालंय." समोरच्या वैद्य वहिनी पाहून गेल्या आणि येताना आणखी दोघींना घेऊन आल्या. मी दारात उभं राहून प्रवेश देत होतो. तिकीट लावायचं तेवढं बाकी होतं.

एकदा टाळ्या मिळाल्या की माझ्यासारख्या माणसाला थांबता येतं का?

घरात आता रंगवण्यासारखं एकच उरलं होतं. कुमुदआत्याचं कपाट.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. खडकीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये सगळी नोकरी काढली. कुठल्या रॅकवर कुठला माल हे साहेब तिला विचारायचे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आमच्याकडे आली, ती एक वळकटी, एक रेडिओ आणि हे सागवानी कपाट घेऊन. दर दसऱ्याला ती त्याला स्वतः तेल लावायची. "लाकडाचं तोंड लाकडासारखंच दिसलं पाहिजे," असं म्हणायची.

आणि तिची स्मरणशक्ती! आमच्या अख्ख्या गोतावळ्याचे वाढदिवस, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, जिलबी होती की श्रीखंड — सगळं तोंडपाठ. तिच्याशी वाद घालणं अशक्य. तुम्ही मागच्या वर्षी काय म्हणाला होता ते ती तुमच्याच शब्दांत परत करायची, वर "तेव्हा तुला सर्दी झाली होती" हेही. मला अनेकदा राग यायचा. हेही लिहून टाकतो. यायचा.

ती काही दिवसांसाठी नाशिकला निघाली, मैत्रिणीच्या नातीच्या लग्नाला. मी कपाटाभोवती घुटमळताना तिनं पाहिलं असणार. रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि म्हणाली, "नंदू, माझ्या कपाटाला हात मारायचा नाही."

एवढंच. स्वच्छ, ठणठणीत मराठी. ऐकणारे आम्ही दोघं, मी आणि रिक्षावाला.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंतच. मनाला समजावलं की बघितल्यावर तिला आवडेलच. पहिला हात मारताना दोनदा दाराकडे पाहिलं. दुसऱ्या हाताला शीळ घालत होतो.

ती परत आली तेव्हा मृदुला आणि वैद्य वहिनी आमच्या घरातच होत्या. आत्या खोलीच्या दारात थांबली. खोलीत पिस्ता रंगाचं, पितळी मुठींचं, अगदी आइस्क्रीमच्या गाडीसारखं कपाट. मृदुलाचा आवाज बदलला. "अहो, तुम्ही आत्यांना विचारलं होतंत ना?"

इथे — इथे मी खरं बोलू शकत होतो. काय झालं असतं? आत्यानं मला फाडून खाल्लं असतं, मृदुला आठवडाभर बोलली नसती, वैद्य वहिनींनी ते पेठभर केलं असतं. बस. यापेक्षा जास्त काहीही झालं नसतं.

मी म्हणालो, "विचारलं म्हणजे? तिनंच तर सांगितलं!" आणि मग मी नक्कल केली. आत्याची नक्कल मला फार चांगली जमते. पिशवी मांडीवर घेतली, मान ताठ केली आणि तिच्याच आवाजात म्हणालो, "नंदू, माझ्या कपाटालाही हात मारायचा."

बघा, काय कारागिरी आहे. एक शब्द बाहेरून आणला नाही. तिच्या 'नाही'मधला 'ना' तेवढा गाळला, आणि उरलेला 'ही' उचलून 'कपाटाला' नेऊन चिकटवला. जोड दिसतसुद्धा नव्हता. मला त्या क्षणी — सांगतो, लपवत नाही — स्वतःचं कौतुक वाटलं.

वैद्य वहिनी खळखळून हसल्या. मृदुलाही हसली, सुटल्यासारखी. आत्या माझ्याकडे पाहत राहिली.

"मी असं म्हणाले?"

"म्हणालीस की! रिक्षात बसता बसता."

मी वाट पाहत होतो. आता ती म्हणेल, गाढवा, मी 'नाही' म्हणाले होते, तू उजव्या पायात बायकोची चप्पल घातली होतीस. ती खरंच मी घातली होती. तिला आठवत असणार. तिनं कपाटाच्या दारावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि हळू म्हणाली, "म्हणाले असेन."

तिच्या तोंडून 'असेन' मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. तिच्याकडे 'आहे' असायचं, नाहीतर 'नाही'.

त्यानंतर जे झालं ते सावकाश झालं, म्हणून कुणी आरडाओरडा केला नाही. आधी ती वाद सोडू लागली. कुणी चुकीचं सांगितलं तरी "असेल बाई, माझं काही सांगता येत नाही". मग "हे मी मघाशी सांगितलं का गं?" हे मृदुलाला रोज. मग खडकीला जुन्या मैत्रिणींकडे एकटीनं जाणं बंद — "उलट्या बसमध्ये बसले तर?" एकदा कपाटाची किल्ली तिनं मृदुलाच्या हातात दिली. "मी कुठेतरी ठेवीन आणि विसरेन, तूच ठेव." तोवर ती काहीही विसरलेली नव्हती. एकही गोष्ट नाही. मी नजर ठेवून होतो ना, मला माहीत आहे. मीच देवाला म्हणत होतो, एकदा तरी हिला काहीतरी विसरू दे. म्हणजे माझं खोटं खरं होईल. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

मृदुलानं हट्टानं डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत. डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं, वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या. तिनं सगळं बिनचूक केलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे, घरी जा." मी सुटलो असं वाटलं. आत्या उठेचना. म्हणाली, "डॉक्टर, ते तुमच्या परीक्षेचं राहू द्या. तुम्हाला कपाटाचं सांगितलं का यांनी? जे कपाट जिवापाड जपलं, ते रंगवायला मीच सांगितलं. आणि मला आठवत नाही. मला तर उलटंच आठवतं. हे कसं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "असं झालं होतं का?"

खोलीत आम्ही चौघंच होतो. दार बंद होतं. याहून सोयीची जागा मला कुठे मिळाली असती? मी मान हलवली. होकारार्थी. तोंडानं बोललोसुद्धा नाही — जणू मानेनं सांगितलेलं खोटं थोडं कमी भरतं.

डॉक्टर म्हणाले, वयात होतं असं, काळजी करू नका, बरोबर कुणीतरी असलेलं बरं. तेव्हापासून तिच्याबरोबर कुणीतरी असतं. बहुतेक वेळा मीच.

अजून एक राहिलं. हे मी गाळणार होतो.

कपाटाचा किस्सा मी कार्यक्रमांतून सांगतो. सांगायचो नव्हे, सांगतो. फार चालतो. दरवेळी थोडी भर घालतो: रिक्षा सुरू होते, आत्या मान बाहेर काढते, "आणि रंग जरा ताजा आण हो!" असं ओरडते, लोक खुर्च्यांवर लोळतात. मागच्या वर्षी एका बारशाला आत्या पहिल्या रांगेत होती. मी सांगत होतो आणि ती मान डोलवत होती. हसत होती. शेजारणीला म्हणाली, "हो, रिक्षा कोपऱ्यावर पोचली होती तेव्हा."

तुम्हाला कळतंय ना? तिला आता ते आठवतं. मी केलेलं, न घडलेलं. आणि खरं जे घडलं होतं, ते जगात फक्त माझ्यापाशी उरलं. तो 'ना' माझ्यापाशी आहे.

अनेकदा सांगायला गेलो. खोलीच्या दारापर्यंत. ती वर बघून विचारायची, "काय रे, मी काही विसरले का?" आणि मी म्हणायचो, "नाही गं, सहज." भीती कसली वाटते, ते नीट सांगता येत नाही. ती रागावेल याची नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही तर? "तू म्हणतोस तसं मला आठवत नाही रे" असं ती म्हणाली तर?

गेल्या रविवारी वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेलं जोडपं चहाला आलं होतं. मृदुला ओट्यापाशी होती, त्या जोडप्यातल्या बाई मदतीला उभ्या. त्यांनी बाहेर डोकावून सगळ्यांना साखरेचं विचारलं. मला, नवऱ्याला, मग आत्याला: "आजी, तुम्ही साखर घेता ना?"

आत्या जन्मभर बिनसाखरेचा चहा पिते. हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक आहे. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर मी तिथेच तिचे पाय धरले असते. नव्हता. अगदी सरळ, निर्धास्त चेहऱ्यानं ती त्या मुलीला म्हणाली,

"ह्याला विचार गं. मी काय म्हणते ते ह्याला बरोबर आठवतं."