दोन बोटं जाडीची फळी

आमच्या स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायला एक पातळ दार आहे. त्या दारामागे उभं राहून मी एकदा दोघा भावांचं भांडण ऐकलं. मुद्दाम ऐकायला गेले नव्हते, हातात धुण्याची बादली होती. पण बोलण्यात माझा विषय निघाला तशी मी बादली खाली ठेवली, एवढं कबूल करते.

भांडण होतं गॅरेजच्या मोठ्या दारावरून. बटण दाबलं की विजेच्या मोटारीवर आपोआप वरखाली होणारं दार. ते माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भावोजींनी, बसवलेलं. त्यांचा धंदाच तो. अशा दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन बारके डोळे असतात. ते दिवसभर एकमेकांकडे बघत असतात. मधे कुणी आलं, अगदी मांजर आलं, तरी खाली येणारं दार थांबतं आणि माघारी वर जातं. आमचं गॅरेज मावळतीकडे तोंड करून. दुपार कलली की ऊन एका डोळ्यात जायचं, तो दिपायचा आणि दार अर्ध्यातनं परत वर. मग मी ओल्या हातानं पळत जाऊन बटण दाबून धरायची, तेव्हा कुठे ते लागायचं. दिवसातून चारदा ही कसरत. मी ह्यांच्यापाशी कुरकुर केली आणि ह्यांनी भावाला बोलावून घेतलं.

"रविवारी त्या डोळ्यावर ऊन अडवायला टोपी आणून बसवतो, दादा. चार दिवस कळ काढ," भावोजी म्हणत होते.

"तुला काय जातंय सांगायला? तुझी वहिनी दमली त्या दाराच्या मागे पळून."

"ते डोळे पोरीसाठी आहेत. गाडीसाठी नाहीत."

"दार माझं, पोर माझी. काढ म्हटलं ना? का आता धाकट्यानं मोठ्याला शहाणपण शिकवायचं?"

मी दार ढकलून म्हणू शकले असते की राहू द्या, पळते अजून चार दिवस. पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि माझ्या बाजूनं कुणी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी बादली उचलली आणि धुणं वाळत घालायला गेले.

आमच्या घरात माघार घेणारं एकच होतं, ते दार. पण त्या दिवशी भावोजींनीही घेतली. त्यांनी डोळे खालून काढले आणि वरच्या मांडणीवर, रंगाच्या डब्यांशेजारी, समोरासमोर चिकटवून टाकले, म्हणजे मोटारीला वाटावं मधे कुणी नाही. नव्या जोडप्यासारखे बसले दोघं एकमेकांना बघत, खाली काय चाललंय त्याचा पत्ता नाही. मग भावोजींनी आपल्या पिशवीतली लाकडाची फळी काढली. हातभर लांब, दोन बोटं जाड. ती दाराखाली आडवी ठेवली आणि बटण दाबलं. डोळे नसले तरी दाराला स्पर्शानं कळायला पाहिजे की खाली काहीतरी आहे. दार आलं, फळीला टेकलं, माघारी गेलं. मी दोरीवर कपडे टाकताना हे सगळं पाहिलं. भावोजी मला म्हणाले, "वहिनी, रविवारपर्यंत पोरीला इकडे फिरकू देऊ नका." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दार वेगळाच त्रास द्यायला लागलं. एका कोपऱ्यात जमीन जरा उंच आहे, तिथे टेकलं की परत वर. हे चिडले. मोटारीच्या खोक्याला एक स्क्रू असतो, दार किती जोरानं खाली दाबायचं ते त्याच्यावर ठरतं. भावाला परत बोलवायचं म्हणजे कमीपणा. म्हणून हे स्वतः स्टुलावर चढले आणि जोर वाढवायला तो स्क्रू पिळला. स्टूल डगमगत होतं. ते धरून मी उभी होते.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी बाहेर काढली आणि गाडीतूनच रिमोट दाबला. आमची पाच वर्षांची लेक ह्यांचा चष्मा राहिला म्हणून तो घेऊन धावली. उंबऱ्याशी घसरली. दार तिच्या डाव्या पावलावर आलं आणि माघारी गेलं नाही. दाबतच राहिलं. मी दार मोटारीपासून सोडवणारी लाल दोरी ओढली, दार हातानं उचललं, तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

दवाखान्यात हे सगळ्यांना सांगत होते, "दार माझ्या भावानं बसवलंय." तेवढंच. खोटं त्यात काहीच नव्हतं. भावोजी भिंतीला टेकून उभे होते. थोड्या वेळानं माझ्यापाशी आले आणि हळूच विचारलं, "वहिनी, मी फळी लावून बघितली होती ना त्या दिवशी?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

असं का म्हटलं, ते मी एकतीस वर्षं स्वतःला विचारते आहे. नवऱ्याकडे बघून म्हटलं, हे एक उत्तर आहे. आणि स्टूल कुणी धरलं होतं, हे दुसरं.

लेक बरी झाली, पण पाऊल जरा तिरकं राहिलं. भावोजींनी डोळे परत जागच्या जागी बसवले, त्यांच्यावर टोपी बसवली. काम अर्ध्या तासाचं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते फळी घेऊन यायचे. आमच्याकडेच नाही, बसवलेल्या प्रत्येक दाराशी. फळी लावायची. मग झाडूची दांडी डोळ्यांच्या मधे धरून बघायचं. मग लाल दोरी ओढून दार हातानं अर्ध्यावर उचलून सोडायचं; तिथंच राहिलं तर दाराचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा ठीक, घसरलं तर बदलायच्या. भिंतीवरचं बटण मोठ्या माणसाच्या खांद्याइतकं उंच आहे ना ते पाहायचं, रिमोट पोरांच्या हाताला लागतो का ते विचारायचं. लोक हसायचे. त्यांना फळीकाका म्हणायचे. एकीनं तर विचारलं, काका, तुमचं लग्न झालं तेव्हा बायकोलाही आधी फळी लावून बघितली का? ते म्हणाले, तिनंच मला लावून बघितली आणि माघारी गेली. लग्न त्यांचं झालंच नाही.

आमच्या घरी मात्र ते कधी बसले नाहीत. चहा उभ्यानं प्यायचे, गॅरेजमध्येच. लेक लंगडत काका काका करत यायची, तिच्या तोंडाकडे बघून बोलायचे, पायाकडे नाही. भाऊ भाऊ भेटले की बोलणं पावसापाण्याचं. हे आत पेपर वाचत बसायचे आणि दार वर गेल्याचा आवाज आला की म्हणायचे, "आला वाटतं तुझा दीर." माझा दीर. जणू ह्यांचा कुणीच नव्हता.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. जाण्याआधी महिनाभर अंथरुणावर होते. भावोजी रोज यायचे, पाय चेपायचे. मला वाटायचं, आज हे बोलतील. ह्यांनी सगळं आवरलं, कपाटाची किल्लीसुद्धा मला दाखवून ठेवली. तेवढं एक राहिलं. मग ते सांगायची पाळी माझ्यावर आली आणि मीही दर पहिल्या तारखेला पुढच्या पहिल्या तारखेवर ढकलत गेले. गेल्या महिन्यात भावोजी झोपेतच गेले. त्याच्या आठच दिवस आधी पहिली तारीख होती, तीच सांगायची आहे.

त्या दिवशी सकाळी ते आले. पाठीत वाकले होते, पण फळी काखेत. माझी चार वर्षांची नात दाराशी होती. तिला विचारलं, "दार हलायला लागलं की आपण काय व्हायचं?" ती म्हणाली, "पुतळा," आणि दोन्ही हात वर करून तशीच उभी राहिली, नाक खाजत होतं तरी. लेकीनं तिला हसत हसत आत नेलं. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिले.

म्हटलं, "भावोजी, तुम्ही फळी लावली होती. मी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्क्रू पिळला. स्टूल मी धरलं होतं."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि मान वर करून मोटारीच्या खोक्याकडे बघितलं.

"स्क्रूवर माझी पांढऱ्या रंगाची रेघ असते, वहिनी," ते म्हणाले. "डोळे परत बसवायला आलो त्याच दिवशी दिसलं. रेघ पार दुसरीकडे गेली होती. मी परत जागेवर आणली."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, दादा कधीतरी म्हणेल."

एवढं म्हणून त्यांनी कप माझ्या हातात दिला. मला माफी मागायची होती, पण तोवर ते फळी जमिनीवर ठेवायला वाकले होते. खालूनच म्हणाले, "आणि डोळे तर मीच काढले होते ना. ते काही कुणी स्टुलावर चढून काढले नव्हते."

त्यांनी बटण दाबलं. दार खाली आलं, फळीला टेकलं आणि वर निघालं. "गेलं माघारी," ते नेहमीसारखं म्हणाले. झाडूची दांडी मागितली, ती मी दिली. डोळे बघितले, लाल दोरी ओढली, दार अर्ध्यावर सोडून पाहिलं, जागेवर राहिलं. भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं तारीख लिहिली. फळीची धूळ बाहीनं पुसून ती काखेत घेतली आणि म्हणाले, "येतो पुढच्या पहिलीला." मग रस्ता ओलांडून समोरच्या घराची घंटा वाजवली. त्यांच्याही दाराची तारीख तीच होती.