भुलाबाईचा न वाजलेला डबा

सूनबाई नारळाच्या वड्या करते आहे. वास घरभर पसरला आणि मला कामरगावचं ते अंगण आठवलं.

इंग्रजांच्या अमदानीत मी रत्नागिरीहून वऱ्हाडात कामरगावला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरीला गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या घरी राहायचो. त्यांची धाकटी चंद्रा मला दादा म्हणायची. भुलाबाईचे, म्हणजे तिकडच्या भोंडल्याचे, दिवस होते. गाणी संपली की मुली बंद डबा हलवायच्या आणि आतला खाऊ बाकीच्यांनी ओळखायचा. त्या संध्याकाळी डबा वाजलाच नाही. बायकांनी शिरा, लाडू, सगळं सांगून पाहिलं. मग चंद्रानं डबा थेट माझ्या नाकाशी धरला.

"दादा, तुमी सांगा ना!"

ओला नारळ! वास मला केव्हाच आला होता. पण लेकरांच्या खेळात मोठ्यांनी जिंकू नये, अशी आमच्या घरची शिकवण. मी म्हणालो, "शेंगदाणे?" तिनं डबा आणखी जवळ आणला. मी म्हणालो, "मग फुटाणे."

तिचं तोंड एवढंसं झालं. "काहून नाई सांगता आलं? तुमच्याच गावचं हाय ना!"

तिची आई हळूच म्हणाली, "तुमाले घरची आठोन येते म्हणून हिनंच बापाले कारंज्याहून नारळ आणायले लावला जी."

आता खरं सांगावं तरी कसं? मी वडी खाल्ली. पुढे नोकरी सुटली, तो मुलूखही सुटला.

आज स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी मोठ्यानं म्हणालो, "नारळाच्या वड्या!"

सूनबाई हसली. "मामंजी, समोरच तर थापतेय की."