सोमनाथ मास्टर आणि आतलं अस्तर

शहागंजात सोमनाथ पतंग्यांचं दुकान शोधायचं तर पाटीच्या भरवशावर राहू नका, तिचा रंग कधीच उडालाय. शफीकभाईंच्या अत्तराचा वास धरून चालत राहायचं. तो जिथं नाकात बसेल, त्याच्या शेजारच्या गाळ्यात मास्टर मशीनवर वाकलेले दिसतील. कोट आणि शेरवानी हे त्यांचं काम. शर्ट-पँटची कुणी गळ घातलीच, तर ते चष्म्यावरून असे काही बघतात की माणूस आपणहून पुढच्या दुकानात जातो.

मास्टरांचा सगळा जीव अस्तरात. वरचं कापड म्हणजे त्यांच्या लेखी लोकांच्या डोळ्यांची हौस. अंगाला भिडतं ते अस्तर. घाम तेच खातं, घासणं तेच सोसतं, आणि फाटतं तेव्हा बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. एकदा गंगापूरचे नानासाहेब लग्नाचा जुना कोट घेऊन आले. कुबट वास मारतो म्हणून शफीकभाईंकडून त्यावर सढळ हातानं अत्तर शिंपडून आणलेलं. मास्टरांनी कोट उलटा केला, आतलं कुजलेलं अस्तर त्यांच्या नाकाशी धरलं आणि म्हणाले, "नानासाहेब, अत्तरानं अस्तर शिवल्या जात नाय."

"मास्टर, गरिबाच्या पोटावर पाय देता व्हय!" शेजारून शफीकभाई ओरडले. पण तेव्हापासून गल्लीत ती म्हणच पडली. कुणी घराची भिंत दुरुस्त न करता रंग लावायला काढला, तरी लोक हेच ऐकवतात.

मास्टरांची लेक दीपमाला विद्यापीठात पीएच.डी. करते. तिच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या ॲप्रनलासुद्धा त्यांनी अस्तर लावून दिलंय. उन्हाळ्यात ती त्यात उकडून निघते, पण बदलत नाही. तिचा विषय काय, असं गिऱ्हाइकानं विचारलं की मास्टर मशीन थांबवतात आणि सावकाश सांगतात, "मोठ्या आतड्याचं अस्तर."

अस्तर हा शब्द तिनंच एकदा जेवताना वापरला होता आणि मास्टरांच्या हातातला घास हातातच राहिला होता. शिंप्याची पोर शेवटी शिंप्याच्याच कामाला लागली म्हणायची! मग तिनं सगळं समजावलं. आतड्याच्या आतून पेशींचा पातळ थर असतो, पेशीला पेशी घट्ट जोडलेली. तसा थर ती प्रयोगशाळेत प्लेटीत वाढवते आणि त्यावर झाडपाल्यातली, फळा-भाज्यांतली फ्लेवोनॉइडं नावाची द्रव्यं घालून बघते. कांद्यातल्या एका फ्लेवोनॉइडनं ही जोडणी आणखी घट्ट होते, झिरपणं कमी होतं, असं तिला दिसायला लागलं होतं.

"म्हंजी टाका आवळल्या जातो," मास्टर म्हणाले.

"हां बाबा, तसंच," ती कौतुकानं म्हणाली. आणि इथंच सगळा घोळ झाला.

दुसऱ्या दिवसापासून मास्टरांनी कांद्याचा धडाका लावला. न्याहारीला कांदा, डब्यात बुक्कीनं फोडलेला कांदा, रात्री भाकरीबरोबर पुन्हा कांदा. सुरेखाबाई, म्हणजे त्यांची बायको, पदर नाकाला लावून वाढायला लागल्या. शफीकभाई म्हणाले, "मास्टर, आता गिऱ्हाईक माझ्याकडं अत्तराला नाय, श्वास घ्यायला येतंय." सगळे हसले, मास्टरही हसले. कांदा का वाढला, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गेले काही दिवस त्यांना सकाळी शौचाला रक्त पडत होतं. मूळव्याध असेल म्हणून ते गुपचूप डॉक्टरांकडं जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून आतून बघावं लागेल. मास्टर "बघू" म्हणून घरी आले ते आलेच. एकट्या शफीकभाईंजवळ एकदा चहा पिताना बोलून गेले, तेही कुणाला न सांगायची शपथ घालून. शफीकभाईंनी चार वेळा समजावलं, भांडले, शेवटी शपथ मोडून दीपमालाला फोन केला.

ती विद्यापीठातून थेट दुकानात आली आणि स्टुलावर बसली. "बाबा, रक्त पडतंय आणि मला बोलला नाहीत?"

मास्टरांनी मधल्या भिंतीकडं रागानं पाहिलं. "त्या अत्तरवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाय."

"दुर्बीण का नाही करून घेतली? भीती वाटते?"

"कांदा खातोय ना मी. आवळंल टाका."

"आणि नाही आवळला तर?"

मास्टरांनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "त्याचंच तर भ्या हाय, दीपा. आत काही वंगाळ निघालं तर तुझे सर काय म्हणतील? पोरगी आतड्याचं अस्तर शिकती, अन् बाप इतका कांदा खाऊन बी आतून फाटला. तुझा प्रयोग खोटा पडंल. माझ्यापायी तुझी पदवी बुडाया नको."

दीपमाला भांडायच्या तयारीनं आली होती. तिला रडूच फुटलं. हा माणूस तिचा प्रबंध वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालून बसला होता, आणि त्याला वेडा म्हणायचीही सोय नव्हती, कारण "तसंच" हा शब्द तिचाच होता.

"बाबा, माझ्या पेशी प्लेटीत असतात. मी ते द्रव्य थेट त्यांच्यावर घालते, तेही भरपूर. तुम्ही खाल्लेल्या कांद्यातलं तिथवर किती पोचतं, वाटेत त्याचं काय होतं, ते मलासुद्धा नीट माहीत नाही. कांदा चांगलाच आहे, खा. पण आत काय झालंय ते कांदा सांगत नाही. आणि माझा प्रयोग तुमच्यावर नाही हो. तुम्ही नापास होत नसता!" तिनं खुंटीवरचा कोट ओढला, उलटा केला आणि त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीच म्हणता ना, अत्तरानं..."

"अस्तर शिवल्या जात नाय!" भिंतीपलीकडून शफीकभाईंनी वाक्य पुरं केलं.

मास्टर तयार झाले. आतड्यात चामखिळीएवढा एक कोंब निघाला. डॉक्टरांनी तो दुर्बिणीतूनच काढला. पुढं तपासणीत तो साधाच ठरला, पण तसाच वाढू दिला असता तर एवढ्यावर भागलं असतंच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टरांच्या परवानगीनं दीपमाला तिच्या पडद्याशी उभी राहिली होती. इतकी वर्षं तिनं नाव-गाव ठाऊक नसलेल्या कुणाच्या तरी पेशी वाढवल्या होत्या. जितं, ओलं, गुलाबी अस्तर तिनं पहिल्यांदाच बघितलं, आणि ते तिच्या बाबांचं होतं.

गुंगीतून जरा जाग येताच मास्टरांनी तिचा हात चाचपला. "दिसलं का तुला?"

"दिसलं बाबा. लई देखणं आहे."

"टाके कसे हायेत?"

"टाके दिसलेच नाहीत," ती त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली. "चांगल्या कामात टाका दिसत नाही, तुम्हीच शिकवलंय."

"मंग ठीक," मास्टर म्हणाले आणि तिचा हात तसाच धरून पुन्हा झोपले.