रिमोटची डावी दांडी

पन्नाशीतल्या मला आज कुणी माझ्यासमोर आणून उभं केलं, तर आधी मी तिच्या हातातली कुंकवाची वाटी काढून घेईन. मग बाकीचं बोलू.

तेव्हा आम्ही आखातात, तुबलीला राहायचो. खाली गॅरेजं, दिवसभर ठाकठोक. आमचे हे मआमीरजवळच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम बघत आणि दर शुक्रवारी सकाळी दक्षिणेकडच्या वाळवंटात जाऊन रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडवत. मी त्याला सवत म्हणायची. स्क्रू न् स्क्रू यांनी स्वतः बसवलेला. पंख्याची दोन पाती तर सोन्यासारखी तोलायचे. एका पात्याला चिकटपट्टीचा तुकडा जास्त झाला तरी सगळं यंत्र थरथरतं, हे मला शंभरदा सांगितलेलं. मी शंभरदा "हो का" म्हटलेलं.

मग पक्षाघात झाला. बोलणं वाचलं, पाय ओढत का होईना चालू लागले, पण डावा हात लुळा पडला. हे त्याला पाहुणा म्हणत. "पाहुण्याला जरा उशीवर ठेव गं." की मी ठेवायची. फिजिओथेरपिस्ट ओरडायची, उजव्या हाताने स्वतः उचला, नाहीतर आखडेल. हे भिंतीकडे तोंड करत. पुढे पुढे जेवायलाही उठेनात. मुलगी फोनवर म्हणायची, "गिव्ह हिम टाइम, आई." टाइम! त्या पाठीशी बोलून बोलून माझा घसा सुकला होता. बाथरूमचा नळ सोडून रडायची आणि बाहेर येऊन विचारायची, आमटी गरम करू?

एके दिवशी पाठ म्हणाली, "ते हेलिकॉप्टर देऊन टाक कुणाला तरी. दोन अंगठे लागतात त्याला."

सवत गेली की तिच्यामागून हेही जाणार, एवढं मला कळत होतं.

"दोन लागतात ना? एक तुमचा, एक माझा."

"वेड लागलंय तुला."

"लागू दे."

भांडले, रुसले, ताट बाजूला सारलं. शेवटी दसऱ्याच्या दिवशी, कटकट नको म्हणून, हे गाडीत बसले.

आणि त्या पन्नाशीतल्या शहाणीने सकाळी काय करून ठेवलं होतं? दसऱ्याला विळी, पक्कड, गाडी, सगळ्यांना हळदकुंकू वाहायचं, मग हेलिकॉप्टरला कसं सोडायचं? देवाने पावावं म्हणून जरा सढळ हातानेच वाहिलं. समोरच्या पात्यावर ओल्या कुंकवाचं जाड स्वस्तिक, वर अक्षता चिकटवल्या. दुसरं पातं भिंतीकडे होतं. तिकडे हात पोचला नाही.

वाळूत खुर्ची मांडली. रिमोट यांच्या मांडीवर. यंत्र झुकवणारी उजवी दांडी यांची. डावी माझी, ती वर ढकलली की पंखा जोर धरतो, बाजूला दाबली की यंत्र वळतं. मी हळूच वर ढकलली. पंखा फिरला आणि हेलिकॉप्टर जमिनीवरच थडथड हलायला लागलं, हिवताप भरल्यासारखं.

यांचा चेहरा उतरला. "बघ. हाही हात गेला. कापतोय. खलास." रिमोटवरचा हात काढून घेतला आणि डोळे मिटले.

मला वाटलं, इथेच वाळूत बसून बोंब मारावी. ऐकायला होतंच कोण! पण माझा अंगठा दांडीवर तसाच होता. आणि यंत्र तसंच थडथडत होतं.

"अहो!"

"नको."

"अहो, तुमचा हात कुठे आहे?"

"मांडीवर."

"मग ते का हलतंय?"

यांनी डोळे उघडले. हाताकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. "बंद कर." पंखा थांबल्यावर पाय ओढत गेले, वाकले.

"अगं, पात्यावर भात कुणी सांडला?"

"अक्षता आहेत त्या."

"एकाच पात्यावर?"

"दुसरं भिंतीकडे होतं."

"एवढा संसार केलास माझ्याबरोबर, आणि एकाच पात्यावर!"

केवढे ओरडले! महिनोन्‌महिने पाठ ऐकलेल्या कानांना ते गोड लागत होतं. ओढणी ओली करून मी पातं पुसलं.

दुसऱ्यांदा पंखा एकसारखा घुमला. यंत्र गुडघाभर उचललं. मग त्याने तोंड आमच्याकडे वळवलं. तोंड समोर असलं की डावीकडे वळवलेलं यंत्र आपल्याला उजवीकडे जाताना दिसतं, हे मला कुठलं माहीत! घाबरून मी दांडी आणखी दाबली. गरकन फिरलं, आडवं झालं, पाती वाळूत. तुकडे.

परतताना गाडी मी चालवत होते, तुकडे यांच्या मांडीवर. संपलं, आणि मीच संपवलं, असं वाटत होतं. वळणावर यांच्या मांडीवरचे तुकडे घसरायला लागले. मी सवयीने हात पुढे केला.

"तू रस्त्याकडे बघ," हे म्हणाले, आणि उजव्या हाताने डावा उचलून तुकड्यांवर ठेवला. नुसतं वजन म्हणून. पण पाहुणा कामाला लागला.

तो हात पुढेही सुधारला नाही. डावी दांडी अजून माझ्याकडेच आहे.