दुसऱ्या मशीनवर उघडलेली पावती

अहमदपुरात एसटी स्टँडच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. मागच्या गल्लीला नाव नाही आणि घरांना नंबर नाहीत. कुरिअरवाले आत शिरत नाहीत; शिरले तर फोन करत करत पुन्हा रस्त्यावर येतात. म्हणून गल्लीनं एक सोय केली. मोबाइलवरून काही मागवायचं तर पत्ता माझ्या स्टुडिओचा द्यायचा, ईमेल मागितला तर तोही माझाच. मी कुणाला नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. काउंटरखाली साड्या, चपला, औषधं, मिक्सरची भांडी पडलेली असायची आणि संध्याकाळी माणसं येऊन आपापलं ओळखून न्यायची.

त्यामुळे पार्सलचा मेल आला की हा आपला नाही, असं मला कधी म्हणता यायचं नाही. कुणाचा ना कुणाचा असायचाच.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गल्लीतले एक निवृत्त गुरुजी गुडघ्याच्या पट्ट्याची वाट बघत होते. रोज सकाळी पायरीशी उभे राहून विचारायचे, "काय पोस्टमास्तर, आलं का आमचं?"

"न्हाई गुरुजी."

"गुडघा गेल्यावर आणता का मग?"

बोलणं चेष्टेचं असायचं, पण पायरी चढताना ते भिंतीला धरायचे, ते मला दिसायचं. अशात एका दुपारी मेल आला. पत्ता अपूर्ण असल्यामुळे आपले पार्सल परत जात आहे, सोबतची पावती उघडून पत्ता पूर्ण करा. दुसऱ्या एखाद्या गावात माणूस दोन मिनिटं थांबला असता. आमचा पत्ता जन्मापासून अपूर्णच; स्टुडिओचासुद्धा 'स्टँडजवळ' एवढाच. मला त्यात संशय घेण्यासारखं काही दिसेना. मी पावती उघडली.

काही झालं नाही. पडदा एकदा लुकलुकला, एवढंच. पुन्हा उघडली, तिसऱ्यांदा उघडली. मग आम्ही सगळे करतो तेच मी केलं. या मशीनवर उघडत नाही तर त्या मशीनवर बघू, म्हणून फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि आतल्या खोलीत गेलो. आतलं मशीन अल्बम करणाऱ्या ताईंचं. नऊ वर्षं त्या माझ्याकडं होत्या. त्या वेळी त्या जेवायला घरी गेल्या होत्या. त्यांच्या मशीनला हार्ड डिस्क जोडलेली होती, सगळ्या लग्नांचे फोटो जिच्यात जपून ठेवलेले असत ती. मला हे ठाऊक होतं. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि पावती तिथंही उघडली.

चार वाजेपर्यंत दोन्ही मशीनवरचे फोटो गेले. म्हणजे जागेवरच होते, पण प्रत्येकाच्या नावापुढं वेडीवाकडी अक्षरं लागली होती आणि एकही उघडत नव्हता. पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी होती. डिस्क घेऊन मी लातूरला दोघांकडं गेलो, नांदेडला एकाकडं. नांदेडच्या माणसानं डिस्क माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, "काका, हे कुलूप तोडायचं न्हाई. चावी पैसे मागणाऱ्याकडंच हाय." कॅमेऱ्याची कार्डं मी पुढच्या लग्नांसाठी कधीच पुसली होती.

गुरुजींचा पट्टा चार दिवसांनी आला. त्यांच्या मुलानं तो पुण्याहून एसटीच्या कंडक्टरजवळ दिला होता. मेलवर त्याचं कधी काही येणारच नव्हतं.

इथवर मला मूर्ख म्हणता येईल. पुढं जे झालं त्याला तो शब्द पुरत नाही.

उदगीरच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या लग्नाचे फोटो मी तीन आठवड्यांपूर्वी काढले होते. नवरीची आई अल्बमची चौकशी करायला आली. माझ्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा आणला होता. तो काउंटरवर ठेवून म्हणाली, "सगळं नंतर द्या भाऊ. अक्षता पडतानाचा तेवढा एक फोटो दावा."

आमच्याकडं लेकीवर अक्षता पडताना आई मांडवात थांबत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की ती घरात जाते आणि मागच्या अंगणातल्या तुळशीला पाणी घालत बसते. मांडव घरापुढंच होता; हीसुद्धा आत तशीच बसली होती. लेकीचं लग्न तिनं नुसतं ऐकलं होतं. घरच्यांच्या मोबाइलमध्ये हळद होती, वरात होती. पण अक्षतांच्या वेळी ज्याचा-त्याचा हात तांदूळ टाकायला वर. तो क्षण फक्त माझ्याकडं होता.

मी सांगितलं की फोटो गेले. कसे, असं तिनं विचारलं. तेवढ्यात ताई जेवून आल्या, दारात उभ्या राहिल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "ताईंनी मशीनवर कसलंतरी उघडलं, त्यानं गेलं सगळं."

ती बाई ओरडली नाही. ताईंकडं बघून सावकाश म्हणाली, "तुला लेक हाय का गं?"

ताईंनी मान डोलावली.

"मग तुझ्या लेकीच्या अक्षता तुला बी दिसू न्हाईत."

ती उठून गेली. डबा तसाच राहिला. ताई माझ्याकडं बघत होत्या. मी खाली वाकून कुणाचं तरी पार्सल शोधू लागलो. पंधरा दिवसांनी त्यांनी काम सोडलं. कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढची दोन वर्षं माझं बूड एका जागी टेकलं नाही. फोटो काढताना लोकांना हलू नका म्हणायचो आणि माझेच पाय हलत असायचे. मेलची टिंग वाजली की उठून बाहेर पायरीवर जायचो. गल्लीची पार्सलं घेणं मी बंद केलं. डोळ्यांचं कारण सांगितलं, तेही खोटं. डबा घासून फळीवर ठेवला होता. तो आधी डोळ्यांसमोरून हलवला, मग पुन्हा तिथंच आणून ठेवला.

गेल्या महिन्यात कळलं की ताई लातूरला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतात, रोज एसटीनं जाऊन येऊन. मी तिकडं गेलो. बाहेर चहाच्या गाड्यापाशी सगळं एका दमात सांगितलं.

"मला ठाऊक हाय की दादा," त्या म्हणाल्या. "जेवायला गेले तवा खुर्ची टेबलाला लावलेली होती. आले तर मागं सरकवलेली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलताल म्हणून थांबले होते."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला कशाला सांगून राहिलात? मी तर तिथंच होते. माझ्या लेकीला बघायला माणसं येऊन राहिलेत. त्या बाईचा शब्द पडलाय तिच्यावर. तुम्ही हसा पाहिजे तर, पण तो माघारी घ्यायला लावा. बाकी मला काय नको."

मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात साखर भरली, कारण रिकामा डबा परत देत नाहीत, आणि त्या गावी गेलो. गाडी स्टँडवर लावून चालत जाताना दोनदा माघारी वळलो. बाई अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं: मेल मी उघडला, दोन्हीकडं मीच उघडला, ताईंचा काही दोष नव्हता. तिचं सूप थांबलं. तिनं तुरीतले दोन खडे वेचले, बाजूला टाकले.

"दोन वर्षं लागली व्हय एवढं सांगायला?"

"हाव."

"आन मी नाहक एका लेकुरवाळीला बोलले." तिनं पदरानं हात पुसले. "लावा फोन तिला."

मी लावून दिला. ती म्हणाली, "बाई, मी बोललेलं माझं माघारी घेतलं. तुळशीला साक्षी ठेवून घेतलं. लेकीचं जमलं की मला सांगावा धाड, मी येते." पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तिनं दोनदा "हाव, हाव" म्हटलं, फोन परत दिला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी निघायला वळलो.

"बसा," ती म्हणाली. "फोटो गेले, पर तुमी तर बघितलं ना? सांगा मला."

मी ओट्याच्या कडेला टेकलो. मला फार आठवत नव्हतं. मी त्या वेळी उजेड बघत होतो, मधे येणारी डोकी बघत होतो. चार चांगल्या गोष्टी रचून सांगणं सोपं होतं, आणि तिला ते आवडलं असतं. जे खात्रीनं आठवत होतं तेवढंच मी सांगितलं. शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा पोरीनं मान वर केली. तिच्या भुवईला एक तांदूळ चिकटला होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, घराच्या दाराकडं बघितलं. चेहरा वळला म्हणून मी बटण दाबलं नाही.

"म्हणजे ह्यो फोटो नव्हताच?"

"नव्हता."

ती दाराकडं आणि दारापलीकडच्या तुळशीकडं बघत राहिली. मग सूप खाली ठेवून माझ्याकडं वळून बसली.

"आन मग? दार उघडं होतं का लावलेलं?"

मी डोळे मिटून आठवू लागलो.